पहिल्या पानावरची साक्ष

प्राचीन थडगं, त्यात दडवलेली पोथी, तिच्या मागावर निघालेला प्राध्यापक आणि ती जगापुढे येऊ नये म्हणून शतकानुशतकं पहारा देणारी गुप्त संघटना. एवढ्या ऐवजावर बेतलेली नवी कादंबरी आली की वाचकांमध्ये ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लेखकाने आमच्या श्रद्धेला हात घातला, पुस्तक मागे घ्या. दुसरी म्हणते, अहो, कादंबरीच ती, वाचा आणि विसरा. तिसरी बाजू चुका मोजत बसते: अमुक देवळाचं तोंड पूर्वेला नाही, तमुक राजा तेव्हा जन्मलाच नव्हता. धार्मिक इतिहासावरच्या पुरातत्त्वीय थरारकथांबद्दलची वाचकांची मतं मी बरीच वर्षं वाचत आलो आहे आणि या तिघांचं एकमेकांशी बोलणंच होत नाही असं मला वाटतं. पहिल्याला अपमान दिसतो, दुसऱ्याला करमणूक, तिसऱ्याला सनावळी. या कथांमुळे खरोखर काय बिघडतं, तो मुद्दा तिघांच्याही हातून निसटतो.

माझं म्हणणं आधीच मांडतो. कादंबरीकाराला वाटेल ते कल्पिण्याचा हक्क आहे, माझ्या श्रद्धास्थानांबद्दलही आहे. बंदीची मागणी मला मुळातच मान्य नाही. पण जो लेखक कल्पना करतो आणि वर ‘यातली कागदपत्रं खरी आहेत’ अशी साक्ष देतो, त्याला साक्षीदाराचे नियम लागू होतात. तिथे ‘कादंबरीच ती’ ही ढाल चालत नाही. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी की या कथा इतिहासातल्या चुका जेवढ्या पसरवतात, त्यापेक्षा पुरावा म्हणजे काय याबद्दलची चुकीची समजूत फार खोलवर रुजवतात. चुकलेलं साल दुरुस्त करता येतं. पुराव्याबद्दलची समजूत एकदा बिघडली की पुढे हाती येणारं प्रत्येक साल त्याच बिघडलेल्या तराजूत तोललं जातं.

बंदीचा प्रश्न लवकर संपवू. येशूचं लग्न झालं होतं आणि ते सत्य दडपलं गेलं असं कथानक असलेल्या ‘द दा विंची कोड’ या २००३ च्या कादंबरीवरचा चित्रपट २००६ मध्ये आला, तेव्हा भारतातल्या काही राज्यांनी त्यावर बंदी घातली. आंध्र प्रदेशातली बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली आणि ते योग्यच झालं. बंदीने कुणाचीही श्रद्धा वाचल्याचं उदाहरण नाही. उलट कथेत जे सांगितलं आहे, की सत्य दडपणारी एक ताकद सगळीकडे बसली आहे, ते बंदी घालणारेच जणू खरं करून दाखवतात. ज्याला त्या कथेतलं म्हणणं खोडायचं आहे, त्याने तरी तिच्या खलनायकाची भूमिका अंगावर घेऊ नये.

आता ‘कादंबरीच ती’ या युक्तिवादाकडे येतो. तो वजनदार आहे. कल्पित कथेला सत्याची मोजपट्टी लावायची तर निम्मं साहित्य फेकून द्यावं लागेल. महाकाव्यांपासून ऐतिहासिक नाटकांपर्यंत सगळ्यांनी इतिहासाला हवा तसा वाकवला आहे आणि त्यातून थोर गोष्टी जन्मल्या आहेत. वाचकही दूधखुळा नसतो. नायक तिसऱ्या मजल्यावरून उडी मारून सुखरूप सुटतो तेव्हा ते घडलेलं नाही हे त्याला कळतं. हे सगळं मान्य. पण ‘द दा विंची कोड’च्या पहिल्या पानावर काय छापलं होतं? कथा सुरू होण्याआधी ‘तथ्य’ असं शीर्षक देऊन सांगितलं होतं की प्रायरी ऑफ सायन ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरीखुरी गुप्त संघटना आहे आणि तिच्या सभासदांची नावं असलेली जुनी कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडली. वस्तुस्थिती अशी की या नावाची संस्था १९५६ मध्ये फ्रान्समधल्या एका गावी रीतसर नोंदवली गेली. नोंदवणारा पिएर प्लांतार नावाचा माणूस स्वतःला जुन्या राजघराण्याचा वारस म्हणवून घेत होता. आणि ती ‘जुनी’ कागदपत्रं १९६० च्या दशकात तयार करून त्या ग्रंथालयात ठेवली गेली होती. कादंबरी येण्याच्या कितीतरी आधी फ्रेंच पत्रकारांनी हे उघड केलं होतं. म्हणजे सगळ्यात मोठी चूक कथेच्या पोटात नव्हती. ती लेखकाने कथेबाहेर उभं राहून दिलेल्या हमीत होती. नायकाची उडी आणि ही हमी या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. उडीबद्दल लेखकाला कुणी जाब विचारू नये. हमीबद्दल का विचारू नये?

वाचकांचे अभिप्राय बारकाईने वाचले तर ही गल्लत त्यांच्याही बोलण्यात दिसते. कथेचं कौतुक करताना सगळ्यात जास्त येणारी वाक्यं कोणती? ‘लेखकाचा अभ्यास दांडगा आहे.’ ‘हे आपल्याला कधी शिकवलंच नाही.’ ‘वाचल्यावर डोळे उघडले.’ आणि त्याच पुस्तकातली चूक कुणी दाखवली की तोच वाचक म्हणतो, कादंबरी आहे हो, एवढं काय मनावर घेता! अभ्यासाचं श्रेय घ्यायचं तर अभ्यासाची तपासणीही पत्करावी लागते. डोळे उघडले म्हणायचं आणि काय दिसलं ते विचारलं की कल्पनेच्या आड जायचं, हे दोन्ही एकदम जमणार नाही. मी वाचकाला दोष देत नाही. ही दुहेरी सोय पुस्तकातच करून ठेवलेली असते. मुखपृष्ठावर ‘कादंबरी’, आत ‘तथ्य’, शेवटी संदर्भग्रंथांची लांबलचक यादी.

ही युक्ती काही एकविसाव्या शतकाची नाही. निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. लडाखमध्ये पाय मोडल्यामुळे हेमिस मठात राहावं लागलं, तिथल्या लामांनी जुनी पोथी वाचून दाखवली आणि तीत येशू ख्रिस्ताच्या भारतातल्या वास्तव्याची हकिकत होती, असा त्याचा दावा होता. हे त्याने प्रवासवर्णन म्हणून सांगितलं. त्याच वर्षी संस्कृतचे विख्यात अभ्यासक माक्स म्युल्लर यांनी जाहीर शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याचे एक प्राध्यापक, जे. आर्चिबाल्ड डग्लस, थेट हेमिसला गेले आणि मठाधिपतींना पुस्तकातला मजकूर वाचून दाखवला. अशी कोणतीही पोथी आपल्या मठात नाही, असं मठाधिपतींनी स्पष्ट सांगितलं. दावा आणि खंडन यांच्यात जेमतेम वर्षभराचं अंतर. तरीही आज सव्वाशे वर्षांनंतर ‘येशू भारतात आला होता, लडाखच्या मठात पुरावा आहे’ हे वाक्य किती सहज ऐकू येतं! डग्लस यांचं नाव मात्र शंभरात एकाला ठाऊक नसेल. थरार खंडनापेक्षा जास्त टिकतो, कारण थराराला गोष्ट असते आणि खंडनाला नसते. म्हणून तर गोष्ट सांगणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा यापुढे आहे. लोक म्हणतात, धर्मसंस्थांनी आणि विद्वानांनी खरोखरच गोष्टी दडपल्या आहेत. मग दडपलेल्या सत्याच्या कथा लोकांना आवडल्या तर चुकलं कुठे? हे मी नाकारणार नाही. कॅथलिक चर्चने निषिद्ध ग्रंथांची यादी शतकानुशतकं चालवली. विद्वानांचं उदाहरण तर जिवंत आठवणीतलं आहे. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी कुमरानच्या गुहेत बेदुइन गुराख्यांना चामड्यावर लिहिलेल्या गुंडाळ्या सापडल्या. १९५२ मध्ये तिथल्या चौथ्या गुहेतून हजारो तुकडे निघाले. सुरुवातीच्या मोठ्या गुंडाळ्या लवकर प्रसिद्ध झाल्या, पण चौथ्या गुहेतले तुकडे मोजक्या अभ्यासकांच्या ताब्यात राहिले. ते आपसांत वाटून घेतलेले, वाटा मरेपर्यंत सोडायचा नाही, बाहेरच्याला छायाचित्रही दाखवायचं नाही. पस्तीस-चाळीस वर्षं असंच चाललं. साहजिकच लोक बोलू लागले, की यात ख्रिस्ती धर्माला हादरवणारं काहीतरी आहे आणि व्हॅटिकनने ते दाबून ठेवलं आहे. अखेर १९९१ मध्ये एका प्राध्यापकाने आणि त्याच्या विद्यार्थ्याने तुकड्यांच्या शब्दसूचीवरून संगणकाच्या मदतीने मजकूर पुन्हा जुळवून छापला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याकडची छायाचित्रं सर्वांना खुली केली.

दार उघडल्यावर आत काय निघालं? येशूचा उल्लेखच नाही. ख्रिस्ती धर्म हादरला नाही. निघाली ती एका कडक ज्यू पंथाची नियमावली, त्यांची दिनदर्शिका, त्यांच्या प्रार्थना आणि हिब्रू बायबलच्या पुस्तकांच्या प्रती, तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू हस्तलिखितांपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुन्या. त्या प्रतींवरून कळलं की त्या काळात एकाच पवित्र ग्रंथाचे वेगवेगळे पाठ शेजारी शेजारी नांदत होते. धर्मग्रंथ कसे घडतात हे समजून घेणाऱ्याला यापेक्षा मोठी गोष्ट कोणती हवी? पण यात खंजीर नाही, खून नाही. आणि दडपणूक कशामुळे झाली? हेव्यादाव्यांमुळे, आळसामुळे, आपल्या नावावर काम व्हावं या हट्टामुळे. म्हणजे दडपणूक खरी होती, तिच्या कारणाबद्दलची आणि आतल्या मजकुराबद्दलची थरारकथा मात्र दोन्ही ठिकाणी चुकली. माणसं गोष्टी लपवतात, एवढ्यावरून ती काय लपवतात हे आपल्याला ठाऊक आहे असं होत नाही. या दोन वाक्यांमधली दरी थरारकथा एका उडीत पार करते आणि वाचकाला तशीच उडी मारायची सवय लावते.

शिवाय उघडं कोण पाडतं, तेही पाहायला हवं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचं राज्य पोपला दान दिलं असा एक दस्तऐवज मध्ययुगात मोठ्या मानाने दाखवला जाई. तो बनावट आहे हे १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने सिद्ध केलं. त्याच्यापाशी ना तळघर होतं, ना नकाशा. त्याने तो दस्तऐवज नीट वाचला आणि दाखवून दिलं की ही लॅटिन चौथ्या शतकातली असूच शकत नाही, यातली पदनामं तेव्हाच्या रोममध्ये नव्हतीच. त्यामागे राजकारण होतं हेही खरं. वाल्ला तेव्हा पोपशी भांडणाऱ्या राजाच्या पदरी होता. पण पुढे हाच वाल्ला पोपच्या दरबारात नोकरीला लागला. त्याचं लिखाण नंतरच्या शतकात निषिद्ध यादीत गेलं, तेही खरंच. संस्था अशाच असतात, एकाच वेळी आसरा देणाऱ्या आणि तोंड दाबणाऱ्या. काळ्या झग्यातल्या मारेकऱ्यांच्या कथेत हे मावत नाही. आपल्याकडेही बनावट ताम्रपटांची मोठी परंपरा आहे. जमिनीवरचा हक्क सांगण्यासाठी जुन्या राजांच्या नावाने पत्रे कोरून घेतलेले. प्राचीन लेखांचे अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये अशा खोट्या लेखांची यादीच छापली. ते कसे पकडले जातात? लिपी त्या शतकाची नसते, वंशावळ चुकते, दिलेल्या तिथीला दिलेला वार येतच नाही. आणि विद्वानच खोटं बोलला तर? तसंही झालं आहे. सरकारी पुरातत्त्व खात्यातला आंटोन फ्युहरर हा अधिकारी ब्रह्मदेशातल्या एका भिक्खूला बनावट पवित्र अवशेष विकत होता आणि अहवालांत न सापडलेल्या गोष्टी लिहीत होता. १८९८ मध्ये त्याचं बिंग फुटलं. ते कुण्या एकांड्या नायकाने फोडलं नाही; त्याच क्षेत्रातल्या इतरांनी जागेवर जाऊन त्याचं काम तपासलं, म्हणून फुटलं.

थरारकथेतली सगळ्यात घातक गोष्ट मला वाटते ती वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल वाचक सहसा बोलत नाहीत. नायक भुयारात शिरतो, कोनाड्यातून वस्तू उचलतो आणि पळत सुटतो. मागे भुयार कोसळतं. त्या क्षणी पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने पुरावा संपलेला असतो. वस्तू ज्या थरात होती, तिच्या शेजारी जे खापर, जो कोळसा, जे हाड होतं, त्यांच्यामुळे ती बोलते. त्यातून उपटून काढलेली वस्तू ही फक्त वस्तू. तिच्याबद्दल काहीही म्हणता येतं. कथेत मात्र वस्तू हातात आली की सत्य हातात आलं असं मानतात. ही समजूत पुस्तकापुरती राहत नाही. २००२ मध्ये चुनखडीची एक अस्थिपेटी जगापुढे आली. तिच्यावर आरामेइक भाषेत कोरलं होतं: ‘याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ’. पेटी उत्खननात सापडली नव्हती, एका संग्राहकाकडे होती. इस्राएलच्या पुरावस्तू खात्याच्या समितीने लेख बनावट ठरवला, खटला उभा राहिला आणि २०१२ मध्ये तो संग्राहक बनावटीच्या आरोपातून सुटला. पण निकाल देताना न्यायाधीशांनी बजावलं, की आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ लेख अस्सल आहे असा नव्हे. ती पेटी कुणी तरी जमिनीत असताना पाहिली असती, कुठल्या थडग्यात कुठल्या बाजूला होती याची दोन ओळींची नोंद असती, तर तिचं वजन काही वेगळंच झालं असतं. ती नोंद आता कुठलंही न्यायालय परत आणू शकत नाही.

त्याच २०१२ सालच्या सप्टेंबरात हार्वर्डच्या एका नामवंत प्राध्यापिकेने, कॅरन किंग यांनी, रोममध्ये पपायरसचा, म्हणजे प्राचीन इजिप्तमधल्या वनस्पतीपासून बनवलेल्या कागदाचा, एक चिमुकला तुकडा जाहीर केला. हाताच्या पंजात सहज मावेल एवढा. त्यावर कॉप्टिक या इजिप्तमधल्या जुन्या भाषेत ‘येशू त्यांना म्हणाला, माझी पत्नी’ असे शब्द होते आणि पुढचं फाटलेलं होतं. बातमी जगभर गेली. का जाणार नाही? दशकभर लाखो लोकांनी नेमका हाच तुकडा कुठेतरी असणार अशी कथा वाचलेली होती. प्रयोगशाळेने पपायरस खरोखर जुना असल्याचं सांगितलं, तेव्हा अनेकांना वाटलं, झालं सिद्ध. पण अभ्यासकांनी अक्षर अन् अक्षर तपासलं. तुकड्यावरचे बहुतेक शब्द थॉमसच्या शुभवर्तमानातून, म्हणजे बायबलबाहेरच्या एका प्राचीन ख्रिस्ती ग्रंथातून, उचललेले होते आणि त्या ग्रंथाच्या इंटरनेटवरच्या एका प्रतीत राहून गेलेली मुद्रणाची चूकसुद्धा तशीच उतरली होती. त्याच मालकाकडून त्याच हस्ताक्षरातला आणखी एक तुकडा आला होता, योहानच्या शुभवर्तमानाचा. त्याच्या ओळी १९२४ मध्ये छापलेल्या एका आवृत्तीतल्या ओळी जिथे तुटतात नेमक्या तिथेच तुटत होत्या, एक आड एक. प्राचीन लेखनिकाला विसाव्या शतकातल्या छापखान्याचं पान कसं दिसलं असेल? २०१६ मध्ये एका पत्रकाराने मालकाचा माग काढला, त्यानंतर किंग यांनीही तुकडा बनावट असण्याचाच संभव जास्त आहे हे मान्य केलं. ही खरी हेरकथा आहे. तिच्यातला प्रत्येक पुरावा कुणालाही तपासता येतो. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयाने आपल्याकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे सोळाच्या सोळा तुकडे बनावट असल्याचं २०२० मध्ये स्वतःच जाहीर केलं, तेही असंच. लोकांना काय सापडायला हवं आहे हे बनावट करणाऱ्यांना नेमकं ठाऊक असतं. ही मागणी तयार करण्यात या कथांचा वाटा आहे, असं मी म्हणतो.

आपल्याकडे या प्रकाराची दुसरी शाखा जोरात आहे आणि तिच्याबद्दल श्रद्धावान वाचक फारसे तक्रार करत नाहीत. तीत दडपलेलं सत्य धर्माला हादरवणारं नसतं, धर्माचा गौरव वाढवणारं असतं. महाकाव्यांतली अस्त्रं म्हणजे अणुबॉम्ब, समुद्रतळाशी सापडलेली भिंत म्हणजे द्वारकेचा पक्का पुरावा, आणि हे सगळं दाबून ठेवणारे इतिहासकार. येशूच्या विवाहाची कथा वाचून जो ‘पुरावा कुठे आहे’ म्हणून खवळतो, तोच ही कथा वाचून ‘किती अभ्यास केलाय’ म्हणतो. दोन्ही पुस्तकांतला तर्क तंतोतंत एकच आहे: पुरावा मिळत नाही, कारण तो नष्ट केला गेला, आणि तो नष्ट केला गेला हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा. या तर्काने जगातलं काहीही सिद्ध करता येतं. धर्माचा टीकाकार तो वापरतो तितक्याच सहज धर्माचा अभिमानी वापरतो. म्हणून या वादात कुणाच्या भावना दुखावल्या हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. आज तुमच्या बाजूने बोलणारा हा तर्क उद्या तुमच्या विरुद्ध उभा राहील, तेव्हा त्याला अडवायला तुमच्यापाशी काहीच उरलेलं नसेल.

जमीन खरोखर काय सांगते? पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूरला उत्खनन केलं. राखी रंगाची, काळ्या रेषांची नक्षी असलेली खापरं मिळाली, कुडाच्या आणि मातीच्या भिंतींचे अवशेष मिळाले, आणि त्या वस्तीवर पुराचं पाणी चढून ती उठल्याच्या खुणा मिळाल्या. गंगेच्या पुरात हस्तिनापूर गेलं आणि निचक्षू राजाने राजधानी कौशांबीला हलवली अशी कथा पुराणांत आहे. लाल यांनी ती या पुराशी जोडली, इतरांनी त्या जोडणीवर आक्षेप घेतले, वाद आजही मिटलेला नाही. पण वाद कशावर चालला आहे ते पाहा. कुठला थर, किती जाड, कोणत्या खापराच्या वर, कोणत्या खाली. तिथे सोन्याचे महाल निघाले नाहीत म्हणून श्रद्धावानाने खट्टू व्हायचं कारण नाही आणि पूर निघाला म्हणून विजयाचे ढोल वाजवायचंही नाही. तिथे कुणीतरी राहत होतं, त्यांची भांडी अशी होती, नदीने त्यांना उठवलं. जमीन एवढं खात्रीने सांगते. तिने द्रौपदीबद्दलही सांगावं हा आपला हट्ट आहे.

एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. या कथांनी असंख्य लोकांना इतिहासाच्या दारात आणलं. ज्याने नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेचं नाव ऐकलं नव्हतं त्याने ते शोधून वाचलं. तिथे ३२५ मध्ये जमलेल्या बिशपांनी बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची हे ठरवलंच नव्हतं, हेही त्यातल्या काहींना तेव्हाच कळलं असेल. आणि अभ्यासकांनी या लोकांसाठी काय केलं? बहुतेकदा काहीच नाही. उत्खननाचे अहवाल वीस वीस वर्षं निघत नाहीत, निघाले तर सामान्य माणसाला वाचता येत नाहीत, आणि लोकांसाठी लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडे नाक मुरडून पाहिलं जातं. रिकामी जागा कुणीतरी भरणारच होतं. पण दारात आणलं एवढ्यावर श्रेय संपत नाही; आत जाताना हातात काय दिलं तेही मोजायला हवं. नाग हम्मादीच्या पोथ्यांचंच घ्या. १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये मडक्यात सापडलेल्या या प्राचीन ख्रिस्ती पोथ्यांमध्ये येशूचं निव्वळ मानवी रूप आहे असं ‘द दा विंची कोड’मधलं पात्र सांगतं. प्रत्यक्षात त्यांतल्या बऱ्याच ग्रंथांतला येशू चारही अधिकृत शुभवर्तमानांतल्या येशूपेक्षा जास्त अलौकिक आहे. कादंबरी वाचून त्या पोथ्या उघडणाऱ्या वाचकाला हे सापडतं तेव्हा त्याचं काय होतं? जिज्ञासा असेल तर तो थक्क होऊन पुढे वाचतो. पण त्याला आधीच शिकवलेलं असतं की तज्ज्ञ लपवतात. मग तो म्हणतो, भाषांतरातही फेरफार केला असणार. दारात आणलेल्या माणसाचे डोळे आधीच बांधलेले असतील तर त्या येण्याचा उपयोग काय?

‘खरं सांगायचं तर थरार उरत नाही’ हा शेवटचा आक्षेप. मला तो पटत नाही, आणि त्याला एका खांबाचं उत्तर आहे. विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब उभा आहे. गावकरी त्याला खामबाबा म्हणून पुजत आणि पिढ्यान् पिढ्या त्यावर शेंदूर चढवत. १८७७ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे आले, शेंदराच्या जाड थराखालून त्यांना अक्षरं दिसली नाहीत, आणि घडणीवरून त्यांनी खांब गुप्तकाळातला धरला. तीसेक वर्षांनी, १९०९ च्या सुमारास, शेंदराचं कवच निघालं आणि खाली ब्राह्मी अक्षरं दिसली. हा गरुडध्वज देवाधिदेव वासुदेवासाठी हेलिओडोरसने उभारला. तो डिऑनचा मुलगा, तक्षशिलेचा रहिवासी, ग्रीक राजा अँटिअल्किडस याचा भागभद्र राजाच्या दरबारातला वकील, आणि स्वतःला भागवत म्हणवणारा. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. म्हणजे कनिंगहॅम यांचा अंदाज काही शतकांनी चुकला होता. १९६३-६५ च्या उत्खननात खांबालगत त्याहूनही जुन्या लंबवर्तुळाकार देवळाचा पाया निघाला. ग्रीक राजदूत वासुदेवाचा भक्त कसा झाला असेल? तक्षशिलेपासून विदिशेपर्यंत तो कोणत्या रस्त्याने आला? त्याच्या घरचे काय म्हणाले असतील? इथे कादंबरीकाराला अख्खं रान मोकळं आहे आणि एकाही बनावट कागदाची गरज नाही. ज्यांनी शेंदूर चढवला त्यांनी काही दडपलं नव्हतं. त्यांच्या पूजेनेच ती अक्षरं झाकली आणि त्यांच्या पूजेमुळेच तो खांब उभा राहिला. असं कथानक रचायला कोणता लेखक धजावेल?

कल्पनेच्या बाजूनेही याची उत्तरं आहेत. इटालियन लेखक उंबर्तो इको यांनी १९८८ मध्ये एक कादंबरी लिहिली. तीत प्रकाशनसंस्थेतले तीन संपादक विरंगुळा म्हणून मध्ययुगीन धर्मयुद्धांतल्या टेम्पलर सरदारांपासून आजपर्यंतचं एक महाकारस्थान रचतात, आणि लोक त्यावर विश्वास ठेवून त्यासाठी माणसं मारू लागतात. सगळा मालमसाला तोच, गुप्त संघटना, प्राचीन कागद, सांकेतिक खुणा. पण ज्या कागदावरून सगळं सुरू झालं तो व्यापाऱ्याच्या साध्या याद्यांचा असावा, हे तीत एक बाई शांतपणे दाखवून देते. वाचक जागत नाही का? जागतो. फरक एवढाच, की पुस्तक मिटताना त्याला आपल्याच घाईची भीती वाटलेली असते.

म्हणून लेखक आणि प्रकाशकांकडे माझी मागणी लहान आहे. ‘तथ्य’ असं पान छापायचं असेल तर ते अभ्यासकाला दाखवून छापा. नाहीतर शेवटी दोन पानं द्या आणि काय सापडलेलं आहे, कशाबद्दल वाद आहे, मी काय रचलं, हे वेगवेगळं सांगा. बरेच चांगले ऐतिहासिक कादंबरीकार हे स्वखुशीने करतात आणि त्यांची पुस्तकं त्यामुळे कमी खपल्याचं ऐकिवात नाही. वाचकांकडेही मागणी आहे. अशा पुस्तकावर मत देताना ‘अभ्यास दांडगा’ लिहिण्याआधी त्यातला एक दावा निवडा, एकच, आणि विचारा: ही वस्तू कुठे सापडली, जमिनीत असताना कुणी पाहिली, आणि हे न पटणाऱ्या अभ्यासकाचं त्यावर म्हणणं काय आहे? लेखकाने या तिसऱ्या प्रश्नाला पुस्तकात जागाच दिली नसेल, तर अभिप्रायात तसं स्पष्ट लिहा.